छत कोठें गळतें?

श्रोतेहो, ज्याची सारी हयात फळा आणि खडू यांच्या संगतींत गेली, त्या मॅट्रिक झालेल्या मास्तरानें मोटारीच्या घडीच्या छतावर बोलावें, हा कांहींसा आगाऊपणाच म्हणावयाचा. परंतु गतवर्षीं पावसाळी दिवसांत मी इंग्लंडांत मुलाकडे राहिलों, आणि तेथें मला जो धडा मिळाला तो आपणांस सांगावासा वाटतो.

मुलापाशी १९९५ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन आसनांची ही क्रीडा-मोटार १९८९ सालीं प्रथम लोकांपुढें आली. तिचें छत व्हिनाइलचें असून मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. छत उतरविण्यापूर्वीं खिडकीची झिप उघडून ती सपाट निजवावी लागते. हा नेम चुकला, विशेषतः थंडीनें प्लॅस्टिक ताठरलें असतां, तर घडीच्या जागीं चीर पडते. १९९८ सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत कांचेची खिडकी बसविण्यांत आली.

एके सकाळीं आसनांमागील गालिचा भिजलेला दिसला. मुलगा म्हणाला, "बाबा, छत जुनें झालें, नवें मागवितों." मीं म्हटलें, "अरे, उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न तर नीट वाच!"

मी विजेरी घेऊन आंत बसलों. मुलगा बाहेरून नळीनें पाणी सोडूं लागला. पाणी खालून वर चढवीत न्यावयाचें, कारण आरंभींच माथ्यावर ओतलें तर सर्वच भिजतें आणि कांहींच उमगत नाहीं. दारांचीं रबरें कोरडीं राहिलीं. डाव्या बाजूस छताला बोटभर चीर होती, तेथून थोडे थेंब आले. पण गालिचा भिजला तो भलत्याच वाटेनें. छताच्या मागील कडेखालीं आंतून प्लॅस्टिकची एक पन्हळ असते. ती पावसाचें पाणी दोन्ही कोपऱ्यांकडे नेते, आणि तेथून तें नळ्यांवाटे मोटारीखालीं जातें. त्या नळ्यांचीं तोंडें पानांनीं व चिखलानें बुजलीं होतीं. दोष कारखान्याचा नव्हे, आमचाच. मोटार वर्षभर झाडाखालीं उभी होती.

असें तुंबलेलें पाणी केवळ गालिचा भिजवीत नाहीं. तें दारांखालच्या पोकळ पोलादांत शिरतें आणि त्यास आंतून गंज चढवितें. आम्हीं तेव्हांच नवें छत बसविलें असतें, तर वर नवें कापड आणि खालीं कुजणारें पोलाद, असा प्रकार झाला असता.

आम्हीं हातांनीं पानें काढलीं, आणि नळीस भोक पडूं नये म्हणून टोकदार तार न वापरतां बोथट, लवचिक दोरीनें ती मोकळी केली. चिरेस आंतून व्हिनाइलचें ठिगळ चिकटविलें. त्याचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा प्रथम उचलतो. शिवलें मात्र नाहीं. सुईचें प्रत्येक भोक म्हणजे गळतीची नवी वाट!

तरी मुलाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. घडीघडीवर कापड तडकलें होतें, खिडकी पिवळी पडून मागचें दिसेनासें झालें होतें. तेथें ठिगळ काय करणार? यंदाच्या उन्हाळ्यांत त्यानें कांचेच्या खिडकीचें नवें छत बसविलें. ऊन असलेला दिवस निवडला, कारण व्हिनाइल उबेनें सैल होतें आणि ताणून बसवितां येतें. जुनी पन्हळही बदलली, आणि नवें छत आपल्या आकारांत बसावें म्हणून कित्येक दिवस तें उघडलें नाहीं.

श्रोतेहो, अशी मोटार आपल्या दारीं नसेल. पण गच्ची बहुतेकांच्या माथ्यावर आहे. मृग लागण्यापूर्वीं डांबर आणावयास धांवूं नका. आधीं गच्चीवर जाऊन पाणी जाण्याच्या मोरीचें तोंड पाहा. पाणी जेथें टपकतें, तेथेंच तें शिरतें असें नाहीं.