गरम वाफा आणि गोळीची पाच वर्षं
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण)

 

या कार्यक्रमात दरवर्षी कुणी मधुमेहावर बोलतं, कुणी गुडघेदुखीवर. यंदा कार्यकारिणीने आम्हाला स्तनाच्या कर्करोगावर बोलायला सांगितलं. आम्ही डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली माणसं. तेव्हा ऑपरेशन, केमो यांवर आम्ही बोलणार नाही. उपचारांत आणि ते संपवून घरी आल्यावर जे सुरू होतं, आणि ज्याला बायका "अंगातून वाफा निघतात" एवढंच म्हणून गप्प बसतात, त्यावर बोलू. आमच्या एकत्र घरात हे चार वर्षं चाललं आहे. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा, पण रडगाणं नको." म्हणून उभे आहोत.

आधी वाफ म्हणजे काय ते. छातीतून, मानेतून एकदम ऊब चढते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, घामाने ब्लाऊज भिजतो. चार-पाच मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजते. शरीराचं तापमान सांभाळणारा भाग मेंदूत असतो. फ्रिजच्या थर्मोस्टॅटसारखा तो थोडा चढ-उतार खपवून घेतो. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झालं की त्याची ही सहनशक्ती आटते. अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं आग लागली, आणि तो घामाचे सगळे नळ एकदम सोडतो.

पाळी जाताना पुष्कळ बायकांना हे होतं. पण तेव्हा संप्रेरक हळूहळू उतरतं. केमोने अंडाशयाचं काम काही आठवड्यांत थांबू शकतं. शिवाय ज्यांची गाठ संप्रेरकावर वाढणारी असते त्यांना टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांपैकी गोळी देतात. तिचं कामच मुळी इस्ट्रोजेनला अडवणं किंवा बनू न देणं. म्हणजे वाफा येतात त्या गोळी आपलं काम करते त्यातूनच. गोळी साधारण पाच वर्षं, काहींना दहा वर्षं. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात आढळतो, त्यामुळे चाळिशीतल्या बाईला पाळी जाण्याचा सगळा त्रास एकाच वर्षात भोगावा लागतो.

आणि गाव कुठलं, तर बुऱ्हाणपूर. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात. त्यात कुणी म्हणालं की मला फार गरम होतंय, तर उत्तर ठरलेलं, "सगळ्यांनाच होतंय!" वहिनींनाही हेच उत्तर मिळालं, बीपी तपासायचा सल्ला मिळाला, कुणी नजरही काढली. रात्री तीन-तीनदा उठायचं, गाऊन बदलायचा, पहाटे पाचला नळ आला की पाणी भरायचं. दीड वर्ष असं गेल्यावर धाकट्या जावेच्या हाती गोळ्यांचं पाकीट लागलं. हिशेबाने त्यात सहा गोळ्या हव्या होत्या, निघाल्या एकोणीस. वहिनी म्हणाल्या, "ज्या दिवशी घेत नाही त्या रात्री झोप लागेल असं वाटतं गं."

मंडळी, आज आम्हाला सांगायचं आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. पाच वर्षं नेमाने घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, आणि तो फायदा पंधरा वर्षांपर्यंत दिसतो. वाफांना कंटाळून बायका ही गोळी गुपचूप सोडतात. डॉक्टरला कळत नाही, नवऱ्याला कळत नाही.

का कळत नाही? तपासणीची खोली आठवा. इंदूर म्हणा, जळगाव म्हणा, मुंबई म्हणा. पहाटेची गाडी धरून गेलेलो, बाहेर गर्दी, आत बाईच्या मागे नवरा आणि दीर उभे. एका ठिकाणी तर पुढच्या पेशंटची खुर्चीही त्याच खोलीत होती. डॉक्टर विचारतात, "काही त्रास?" अशा वेळी कोणती बाई सांगेल? वहिनी "नाही" म्हणाल्या. पुढच्या खेपेला दादा आणि आम्ही बाहेर थांबलो, जाऊबाई आत गेल्या आणि सोबत एक वही नेली.

त्या वहीबद्दल सांगतो. साधी शंभर पानी वही. वाफ किती वाजता आली, आधी काय चाललं होतं, झोप किती वेळा मोडली. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. उकळता चहा, ठेचा, गॅसपाशी भाकऱ्या करणं, आणि बंद खोलीतली गर्दी. भाकऱ्यांचं काम जावेने घेतलं, चहा कोमट झाला. ठेचा मात्र वहिनींनी सोडला नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. नायलॉनचे गाऊन गेले, सुती आले. यंत्रमागाच्या गावात सुती कापडाला काय तोटा! उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या आणि पंचा. कूलरचं तंत्र मात्र ध्यानात घ्या. मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम. पण आता भाद्रपदात हवा दमट, कूलर ती आणखी दमट करतो, घाम वाळत नाही. आत्ता पंखा आणि उघडी खिडकी बरी.

डॉक्टरांनी वही वाचली आणि संप्रेरक नसलेलं एक औषध लहान मात्रेत लिहून दिलं. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन अशी काही औषधं यासाठी वापरतात. ती मुळात दुसऱ्या आजारांची, म्हणून चिठ्ठी पाहून दुकानदार "हे तर डिप्रेशनचं" म्हणाला तर घाबरू नका. पण स्वतःहून घेऊही नका. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर खरी कामाला येते, आणि फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं नेमकं तेच काम अडवतात. पाळी जाताना देतात त्या संप्रेरकाच्या गोळ्या तर नकोतच. स्वीडनमध्ये अशा रुग्णांना त्या देऊन पाहिल्या, आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं म्हणून २००३ मध्ये तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. शतावरी कल्प, सोयाची पावडर प्रेमाने आणून देणाऱ्या मावश्यांनाही विनंती, आधी डॉक्टरांना विचारा. वनस्पतींतही इस्ट्रोजेनसारखे पदार्थ असतात.

लंडनमध्ये २०१२ साली ९६ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना नेहमीच्या देखभालीबरोबर गटात बसवून वाफेच्या वेळी मनात येणारे विचार, श्वास आणि झोप यांबद्दल शिकवलं. वाफांची संख्या त्याने खास घटली नाही, पण त्यांचा जाच घटला. आम्हाला हे पटतं. वहिनींच्या वाफा दिवसाला बारा-तेरा होत्या, आता पाच-सहा आहेत. थांबलेल्या नाहीत. पण वाफ आली की त्या पदर सैल करून सावकाश श्वास घेतात आणि घरात कुणी "काय झालं, काय झालं" करत धावत नाही.

एक धोक्याची सूचना. केमो चालू असताना अंग तापलं तर ती वाफच आहे असं धरून चालू नका. थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त निघालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला तर तोही लगेच सांगायचा.

पुरुष मंडळींना एवढंच, की तपासणीच्या खोलीतून पाच मिनिटं बाहेर या. गोळी महागाईने बंद पडत असेल तर ते घरात बोला. टॅमॉक्सिफेन त्या मानाने स्वस्त गोळी आहे.

आता मंडळापुरतं. संध्याकाळच्या आरतीला सभागृहात पाय ठेवायला जागा नसते, त्यात कापूर, समया, बंद दारं. गेली दोन वर्षं वहिनी आरतीला आल्याच नाहीत. कार्यकारिणीने आमची विनंती मान्य केली आहे. आजपासून उजवीकडचं दार आरतीभर उघडं राहील, तिथे चार खुर्च्या आणि एक उभा पंखा असेल. तिथे कोण बसलं, का बसलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आरती साडेसातला आहे.