रक्त, सुई आणि कुळाचा अभिमान

(स्वारगेट येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. जन्मभर खडू झिजविलेला एक शिक्षक. तरीही आज हिपॅटायटिस सी या यकृताच्या विकाराविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण तो आमच्या घरी येऊन गेला आहे.

माझ्या पत्नीस १९८८ साली बाळंतपणात रक्त द्यावे लागले. त्यातून आलेला विषाणू तीस वर्षे मुकाट्याने राहिला. २०१९ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी झाली, तेव्हा तो उघडकीस आला. एका आप्तांनी विचारले, "आपल्या लोकांत हे कसे शिरले?" त्यांना त्या वेळी न सुचलेले उत्तर आज देतो.

हा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ साली. आणि आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली २००१ साली. म्हणून तत्पूर्वी रक्त घेतलेल्यांस, वारंवार रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांस, डायलिसिसवरील रुग्णांस, आणि एकमेकांच्या सुईने मादक द्रव्य टोचून घेणाऱ्यांस धोका अधिक. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांस पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा संसर्ग नगण्य आढळला. पंजाबात तो पुष्कळ अधिक आहे. मग पंजाब्यांचे रक्तच निराळे काय? मुळीच नाही. इजिप्तचे उदाहरण पाहा. गेल्या शतकात तेथे कृमिरोग हटविण्यासाठी गावोगाव इंजेक्शने दिली गेली. सुया नीट निर्जंतुक न करता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या, आणि एका रोगावरील उपायातून दुसरा रोग देशभर पसरला. समाजासमाजांतील हे अंतर सुईने पाडले आहे, कुळाने नव्हे.

आमच्या घरी काही काळ पत्नीचा पेला वेगळा ठेवला गेला. त्याची मला आजही लाज वाटते. कारण एकत्र जेवल्याने वा स्पर्शाने हा रोग होत नाही. बारा आठवडे गोळ्या घेऊन ती पूर्ण बरी झाली. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर याची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

माझी विनंती एवढीच: २००१ पूर्वी ज्यांनी रक्त घेतले असेल, त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी, आणि "आपल्यात असले काही नसते" हे वाक्य आपण सर्वांनी विसरावे.