तयार चिकन-भाताचे पाकीट : पोट भरते, पण मीठ किती?

आज आपल्याशी घराघरांत पोहोचलेल्या एका पदार्थाविषयी बोलायचे आहे. तो म्हणजे गरम करून लगेच खाता येणारी चिकन बिर्याणी किंवा चिकन पुलाव. रात्रपाळी करणारे, नोकरी-शिक्षणासाठी घरापासून दूर राहणारे, एकटे राहणारे वृद्ध अशा अनेकांचे एक वेळचे जेवण आज या पाकिटातून येते. ते खाऊच नका, असे मी सांगणार नाही. पाकिटात काय आहे ते वाचून मग खा, एवढीच विनंती आहे.

परिचारिका म्हणून बाह्यरुग्ण विभागात काम करीत असताना एक दांपत्य तपासणीस येत असे. पती रात्रपाळीचे सुरक्षारक्षक होते. त्यांचा रक्तदाब औषध नियमित घेऊनही उतरत नव्हता. पत्नी कळवळून म्हणाल्या, “बाई, भाजीतले मीठ निम्मे केले, लोणचे बंद केले. आणखी काय करू?” चौकशी केल्यावर कळले, की आठवड्यातील चार रात्री ते कामावर तयार बिर्याणीचे पाकीट खात. “पण ती खारट लागत नाही हो,” ते म्हणाले. खरी अडचण हीच आहे. तिखट, आंबट आणि मसालेदार चवीत मीठ जिभेला वेगळे जाणवत नाही. ते आपल्याला पाकिटावरील आकड्यांतच शोधावे लागते.

हा हिशेब एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, पाकीट ३०० ग्रॅमचे आहे आणि त्यावर प्रत्येक १०० ग्रॅममागे ऊर्जा १५० किलोकॅलरी, प्रथिने ६ ग्रॅम, कर्बोदके २० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५ ग्रॅम आणि सोडियम ४०० मिलिग्रॅम असे लिहिले आहे. संपूर्ण पाकीट खाल्ल्यास प्रत्येक आकड्याला तीनने गुणावे लागेल. म्हणजे ऊर्जा ४५० किलोकॅलरी, प्रथिने १८ ग्रॅम, कर्बोदके ६० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १५ ग्रॅम आणि सोडियम १२०० मिलिग्रॅम.

यातील काही आकडे समाधानकारक आहेत. निरोगी प्रौढास दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज सुमारे ५० ग्रॅम असते, आणि तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या जेवणातून भागतो. ऊर्जाही एका जेवणास साजेशी आहे.

आता सोडियम पाहू. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे साधारण एक सपाट छोटा चमचा मीठ झाले. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. आपल्या उदाहरणातील १२०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसाच्या ऊर्जेचा पाव भागही न देणारे हे जेवण दिवसाच्या मिठाचा मात्र तीन पंचमांश वाटा घेऊन जाते. सोबत पापड आणि लोणचे घेतल्यास दिवसाची मर्यादा एकाच जेवणात गाठली जाऊ शकते.

येथे एका गोष्टीने वाचकाची फसगत होते. नियमानुसार पाकिटावर दैनंदिन गरजेची टक्केवारीही दिलेली असते, परंतु ती एका ‘सर्व्हिंग’ची असते. ३०० ग्रॅमच्या पाकिटात दोन सर्व्हिंग धरलेली असतील, तर सोडियमपुढे ३० टक्के दिसेल. पाकीट एकट्याने संपविल्यास ते ६० टक्के होतात. म्हणून सर्व्हिंग किती ग्रॅमचे आहे, हे प्रथम पाहावे.

घटकांची यादीही बोलकी असते. ज्या घटकाचे वजन सर्वांत अधिक, तो यादीत प्रथम येतो. चिकन यादीत कितवे आहे आणि त्यापुढे किती टक्के लिहिले आहे, ते पाहा. दोन पाकिटांची तुलना करताना नेहमी १०० ग्रॅममागील आकडेच एकमेकांशेजारी ठेवावेत. लेबल बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. ते वाचणे कठीण वाटल्यास घरातील शाळकरी मुलांची मदत घ्या; त्यांनाही ही सवय लागेल.

पाकीट खायचेच असेल, तर ते दोघांत वाटून घ्या. आपल्या उदाहरणात मग प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅम मीठ येईल. उरलेली भूक मीठ न घातलेला भात, उकडलेले वाटाणे किंवा हरभरे, काकडी, गाजर आणि साधे दही यांनी भागवा. एका उकडलेल्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या सुरक्षारक्षकांच्या पत्नीने हाच मार्ग धरला. अर्धे पाकीट आणि घरून दिलेला बिनमिठाचा भात व दही, असा डबा त्या देऊ लागल्या. घरात मीठ कमी करण्याचे त्यांचे कष्ट त्यानंतर पाकिटामुळे वाया जात नव्हते.

लक्षात ठेवा :

• सोडियमचा आकडा वाचा. अडीचने गुणून मीठ काढा.
• सर्व्हिंग किती ग्रॅमचे आणि आपण खाणार किती, हे पडताळा.
• सोबत पापड, लोणचे, फरसाण टाळा.
• फुगलेले, गळके किंवा मुदत संपलेले पाकीट वापरू नका.
• उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास अशी पाकिटे किती खावीत, हे डॉक्टरांना विचारा. मीठ कमी केले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका.
• वयाची ३० वर्षे पूर्ण झाली असल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाबाची मोफत तपासणी करून घ्या.

पाकीट उघडण्यापूर्वी ते एकदा उलटून पाहा. त्यास अर्धा मिनिटही लागत नाही.