भगदाड बुजवलं, आता आत बघा

मी कोलकात्याच्या एस्प्लनेडला उभा आहे. हा शब्द मूळचा लष्करी. किल्ला आणि वस्ती यांच्यामधलं मोकळं मैदान. शत्रू लांबूनच दिसावा म्हणून राखलेलं.

वेब सर्व्हरचं असं मैदान म्हणजे त्याच्या लॉगमधल्या नोंदी.

ऑक्टोबर २०२१मध्ये अपाची सर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन हल्ले चालू होते. ४ तारखेला दुरुस्ती आली. ती अपुरी निघाली, ७ तारखेला दुसरी काढावी लागली.

तेव्हा अपडेट लगेच करा, पण तिथेच थांबू नका. फौजेत भगदाड बुजवलं की आतला परिसर पिंजून काढतात. शत्रू आधीच शिरलेला असू शकतो. नोंदी चाळा, पासवर्ड बदला, हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवा. नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. त्या पुसल्या, तर घुसखोराच्या पाऊलखुणाही गेल्या.

जय हिंद.