पिशवी काढण्याआधी
(गडहिंग्लज येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीला बीडच्या बायका येतात. 2019 मध्ये शासनाच्या समितीने बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली.

अंगावरून पांढरं जाणं बऱ्याचदा जंतुसंसर्गाने होतं. ते औषधाने बरं होतं. जास्त रक्तस्रावावरही आधी गोळ्या देता येतात. अंडाशयंही काढली तर पाळी एकदम जाते, हाडं ठिसूळ होतात. काही आजारांत शस्त्रक्रिया लागतेच. पण ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या भीतीपोटी सही करू नका.

मी सोबत दवाखान्यात जाते, तेव्हा प्रत्येकीला तीन प्रश्न विचारायला सांगते : तपासणीत काय निघालं? दुसरा उपाय कोणता? अंडाशयं ठेवणार का?

पाळीत खाडा पडतो म्हणून पिशवी काढावी लागत असेल, तर खाड्याचा दंडच बंद व्हायला हवा. ती मागणी आपण मिळून करू या.