वाळूच्या दांड्यावरील जीवन : किनारी वस्त्यांपुढील प्रश्न

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



भारताचा किनारा म्हटले की 7,516 किलोमीटर हा आकडा अनेक वर्षे पाठ केला जात असे. अधिक सूक्ष्म प्रमाणावरील नकाशांच्या आधारे किनाऱ्याची फेरमोजणी झाली आणि आता ही लांबी 11,098 किलोमीटरहून अधिक मानली जाते. याचा अर्थ देशाचा किनारा वाढला असा नव्हे. पूर्वीच्या मोजणीत सुटलेली खाड्यांची, नदीमुखांची आणि बेटांची वळणे नव्या मोजणीत धरली गेली, एवढेच. नकाशावर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात किती नागमोडी आणि चंचल असते, याचा हा उत्तम दाखला होय. या चंचल रेषेवर लक्षावधी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांतही सर्वाधिक अस्थिर जमीन वाट्याला आली आहे ती वाळूच्या दांड्यांवर आणि रोधक बेटांवर राहणाऱ्यांच्या.

रोधक बेट कसे तयार होते?

लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन आपटतात तेव्हा वाळू किनाऱ्याला समांतर दिशेने वाहू लागते. नदीमुखापाशी किंवा उथळ समुद्रात हा प्रवाह मंदावला की वाळू साचते आणि तिचा लांबट बांध तयार होतो. तो जमिनीला एका बाजूने जोडलेला राहिला तर त्यास वाळूचा दांडा म्हणतात. जमिनीपासून अलग झाला तर ते रोधक बेट ठरते. या बांधाच्या आत अडकलेले पाणी म्हणजे खाजण सरोवर. एका बाजूस खवळता समुद्र, दुसऱ्या बाजूस शांत निमखारे पाणी आणि मधोमध काहीशे मीटर रुंदीची वाळू, अशी ही रचना असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग हे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील गाव ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल.

असा बांध समुद्राचा मारा स्वतःवर घेतो आणि मागील भूमीचे रक्षण करतो. पण तो स्वतः मात्र स्थिर नसतो. वाळूची आवक आणि जावक यांचा ताळेबंद बिघडला की तो सरकतो, तुटतो किंवा खचतो. नदीवरील धरणांमुळे गाळ कमी आला किंवा बंदराच्या लाटारोधक भिंतीने वाळू अडवली तर त्याचा परिणाम काही अंतरावरील गावावर होतो. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर नेमके हेच घडले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी उभारलेल्या भिंतींच्या दक्षिणेस वाळू साचत गेली आणि उत्तरेस शहराची पुळण नाहीशी झाली. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे 34 टक्के भागाची धूप होत आहे, सुमारे 27 टक्के भागात भर पडत आहे आणि उर्वरित भाग कमीअधिक स्थिर आहे.

चिलिका : मुख उघडले, सरोवर जगले

ओडिशातील चिलिका हे देशातील सर्वांत मोठे खाजण सरोवर. पुरी, खोर्धा आणि गंजाम या जिल्ह्यांत ते पसरले आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूचा लांब बांध आहे. 1981 मध्ये चिलिकाचा समावेश रामसर यादीत झाला. परंतु नद्यांचा गाळ आणि किनाऱ्याने वाहणारी वाळू यांमुळे समुद्राकडील मुख दूर सरकत अरुंद झाले. क्षारता घटली, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी रोडावली. 1993 मध्ये धोक्यातील पाणथळ जागांच्या माँत्रो नोंदवहीत या सरोवराची नोंद करावी लागली.

या काळात सरोवरावर जगणाऱ्या समाजांतील ताणही वाढले. पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याच्या जागांवर कोळंबीसाठी बंदिस्ती उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये दिलेल्या निर्णयात चिलिका आणि पुलिकत या सरोवरांच्या 1,000 मीटर परिसरात औद्योगिक स्वरूपाच्या कोळंबी संवर्धनास मनाई केली. पुढे चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासाअंती सप्टेंबर 2000 मध्ये सरोवराच्या अधिक जवळ नवे मुख उघडले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस वार्षिक मासळी उत्पादन दोन हजार टनांच्याही खाली आले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते दहा हजार टनांच्या पुढे गेले. 2002 मध्ये चिलिकाचे नाव माँत्रो नोंदवहीतून वगळण्यात आले आणि त्याच वर्षी रामसर पाणथळ संवर्धन पुरस्कारही लाभला.

तथापि वाळूचे वाहणे थांबलेले नाही. मुख पुन्हा सरकते, नवी मुखे निसर्गतः उघडतात आणि त्यानुसार बांधावरील व सरोवरातील गावांचे भवितव्य बदलते. अशा ठिकाणी एकदा केलेली उपाययोजना कायमची पुरत नाही. सतत निरीक्षण आणि स्थानिकांचा सहभाग या दोन्ही गोष्टी अपरिहार्य ठरतात.

सातभाया : गाव हलते तेव्हा

त्याच ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया हा गावांचा समूह होता. नावातच सात गावांची आठवण आहे. समुद्राने एकेक करून ही गावे गिळली. उरलेल्या 571 कुटुंबांचे बागपाटिया येथे पुनर्वसन करण्यात आले आणि 2018 मध्ये पंचुबाराही देवीच्या मूर्तीही नव्या ठिकाणी हलवण्यात आल्या. या देवळाची पूजाअर्चा मच्छीमार समाजातील विवाहित स्त्रियांकडे परंपरेने आहे. गाव उठले तेव्हा घरांबरोबर ही परंपराही स्थलांतरित झाली.

पुनर्वसनात घरासाठी भूखंड आणि बांधणीसाठी साहाय्य मिळते. परंतु मच्छीमाराला होडी ठेवण्यासाठी किनारा लागतो, शेतकऱ्याला जमीन लागते आणि गुरांना चराई लागते. निवारा मिळाला म्हणजे उपजीविका मिळाली असे नव्हे. याउलट गाव सोडायचे नाही असे ठरवले, तर प्रत्येक उधाणाला घर राहील की जाईल हा प्रश्न उभा राहतो. या पेचात सापडलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी काहीतरी गमवावेच लागते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी धूप रोखण्याच्या उपायांकरिता 1,500 कोटी रुपये आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता 1,000 कोटी रुपये अशी स्वतंत्र शिफारस केली. हळूहळू येणाऱ्या आपत्तीलाही आपत्ती मानण्याच्या दिशेने ते महत्त्वाचे पाऊल ठरले.

केरळ : भिंत, भात आणि मासळी

कोचीजवळील वैपिन बेट आणि त्याच्या दक्षिणेकडील चेल्लानम ही दाट वस्तीची किनारपट्टी आहे. येथे माणसे हलवण्यास मोकळी जमीनच नाही. म्हणून चेल्लानम येथे चतुष्पाद काँक्रीट ठोकळ्यांची सुमारे सात किलोमीटर लांबीची संरक्षक भिंत उभारण्यात आली. भिंतीमागील गावांना त्यामुळे दिलासा मिळाला. मात्र कठीण भिंत जेथे संपते त्यापुढील किनाऱ्यावर धूप वाढण्याचा धोका असतो, हे तत्त्व येथेही लागू पडते.

याच भागातील पोक्काळी शेतीचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. पावसाळ्यात खारेपणा धुऊन निघाल्यावर क्षार सहन करणारा भात घेतला जातो आणि कापणीनंतर त्याच शेतात खारे पाणी घेऊन कोळंबी वाढवली जाते. समुद्राला पूर्णपणे बाहेर न ठेवता त्याच्याशी ऋतुमानानुसार जुळवून घेणारी ही व्यवस्था आहे.

इशारा, कायदा आणि लोकसहभाग

ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन हे तीव्र वादळ गोपाळपूरजवळ धडकले, तेव्हा मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. अचूक अंदाज, आश्रयगृहे आणि वेळेवर केलेले स्थलांतर यांचे हे यश होय. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर हैदराबाद येथे 2007 पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. जीव वाचवण्याच्या बाबतीत देशाने मोठी मजल मारली आहे; जमीन आणि उपजीविका वाचवणे अद्याप अवघड आहे.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली. त्यानंतर 2011 आणि 2019 मध्ये नव्या अधिसूचना आल्या. 2019 च्या अधिसूचनेनुसार, 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात, आराखडा मंजूर झाल्यावर, भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा 50 मीटरचा आहे. इतर ग्रामीण भागात तो 200 मीटरचा आहे. दाट वस्तीतील रहिवाशांना घर बांधता यावे ही एक बाजू, आणि सरकत्या किनाऱ्यापासून पुरेसे अंतर राहावे ही दुसरी. परीक्षेतील उत्तरात या दोन्ही बाजू मांडल्या गेल्या पाहिजेत.

किनाऱ्याचे व्यवस्थापन गावाच्या हद्दीपुरते करून भागत नाही, कारण वाळू हद्द ओळखत नाही. एका बंदराची योजना आखताना पलीकडच्या गावाचा हिशेब त्यातच धरावा लागतो. खारफुटी आणि वाळूच्या टेकड्या राखणे, नदीतून येणाऱ्या गाळाचा विचार करणे आणि गाव हलवणे अटळ असेल तेथे ते वेळीच, रहिवाशांच्या संमतीने व उपजीविकेसह हलवणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा येईल तेव्हा त्यावरील रेषा आजची आहे, उद्याची नव्हे, आणि त्या रेषेवर कोणाचे तरी घर आहे, याचे भान त्यांनी राखणे अगत्याचे आहे.