एका हाताने टिपलेलं प्राग



प्रवासाला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो, 'फोटो काय काढत बसता? डोळे भरून बघून घ्या.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण मला तो पटत नाही. कॅमेऱ्यामुळे माणूस घाई करतो हे खरं, पण त्याच कॅमेऱ्यामुळे तो थांबूही शकतो. आणि ज्या जागी आपण थांबलो, तीच पुढे आठवते. हे मला शिकवलं प्रागने, आणि प्रागच्या योसेफ सुदेक नावाच्या छायाचित्रकाराने.

प्राग म्हणजे चेक प्रजासत्ताकाची राजधानी. व्ल्टावा नदी, तिच्यावरचा चार्ल्स पूल, मागे टेकडीवर किल्ला आणि कॅथीड्रलचे मनोरे, हे दृश्य तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर सिनेमात पाहिलंच असेल. पुलाचं काम १३५७ साली सुरू झालं. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. पहाटेपासून तिथे कॅमेऱ्यांची गर्दी असते, आणि त्यात वावगं काही नाही, कारण दृश्य आहेच तसं देखणं. मीही तो फोटो काढला आहे. पण घरी कुणी प्रागचा विषय काढला की मी दाखवतो तो त्याच पुलावरचा दुसराच फोटो. सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखाली ब्राँझचे पट आहेत. या धर्मगुरूला १३९३ साली व्ल्टावात बुडवून मारलं, तो प्रसंग त्यातल्या एका पटावर कोरला आहे. सगळं ब्राँझ काळवंडलेलं, फक्त जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागतात तेवढीच जागा सोन्यासारखी लखलखते. मी बाजूला उभा राहून ते हात बघत होतो. हातमोजा काढून बोट टेकवणारी एक आजी, वडिलांच्या खांद्यावरून वाकलेलं एक पोर, हसत हसत हात लावणारी कॉलेजची मुलं. माझ्या फोटोत त्यांच्यापैकी एकाचाच हात आलाय, पण तो पाहिला की बाकीचे सगळे आठवतात.

आता सुदेकविषयी. १८९६ साली कोलीन या गावी त्याचा जन्म झाला. तो शिकला बुकबाइंडिंगचं काम. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतून त्याला इटलीच्या आघाडीवर धाडलं. तिथे तो जखमी झाला आणि उजवा हात कापावा लागला. बुकबाइंडरचा धंदा एका हाताने होणार कसा? अपंग सैनिकांसाठीच्या निवासात राहत असताना तो कॅमेऱ्याकडे वळला.

१९२६ साली चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदातल्या मित्रांबरोबर सुदेक इटलीला गेला. एके रात्री मैफल रंगात आलेली असताना तो मध्येच उठला आणि अंधारात चालू लागला. हात गेला ती जागा त्याने शोधून काढली. दोनेक महिने त्याचा पत्ताच नव्हता. मग तो प्रागला परतला आणि त्यानंतर परदेशी कधीच गेला नाही. १९७६ साली वारला तोवर, म्हणजे पुढची पन्नास वर्षं, तो प्राग आणि आपल्याच देशातल्या मुलखाचे फोटो काढत राहिला. ज्याच्याकडून प्रवासी छायाचित्रकारांनी धडा घ्यावा असं मी म्हणतो, तो माणूस स्वतः प्रवासाला पाठ फिरवून बसला होता!

एक हात, आणि कॅमेरे केवढे, तर जाडजूड लाकडी. तिवई खांद्यावर टाकून तो टेकड्या चढायचा. १९४० च्या सुमारास मूळ निगेटिव्हच्याच आकाराचा एक जुना प्रिंट त्याच्या पाहण्यात आला. त्यातले बारकावे पाहून त्याने फोटो मोठे करून छापणंच सोडून दिलं. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो. म्हणजे मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा वाहायला हवा. त्याने तो वाहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोन्या बुल्लाती नावाची, नाझींच्या छळछावणीतून वाचलेली एक तरुण मुलगी त्याच्या हाताखाली काम करू लागली. तिने लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार आवडतो. दोघं टेकडीवरच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलच्या खालच्या एका अंधाऱ्या दालनात बसून होते. काहीच घडत नव्हतं. अचानक उन्हाची एक तिरीप आत आली आणि दोघं धावपळ करून फडक्यांनी धूळ उडवू लागले. का, तर धुळीशिवाय ती तिरीप फोटोत दिसली नसती. ऊन तिथे येणार हे सुदेकला ठाऊक होतं.

याच कॅथीड्रलचं काम १३४४ साली सुरू होऊन १९२९ साली पुरं झालं. शेवटच्या टप्प्यातलं काम सुदेकने टिपलं आहे. भव्य खांब आणि त्यांच्या पायाशी पडलेला बांधकामाचा पसारा. आज तिथे गेलेल्याला तो पसारा दिसणार नाही. तो आहे फक्त सुदेकच्या फोटोंत.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन फौजा आल्या. शहरात उघडपणे तिवई लावून उभं राहणं धोक्याचं झालं. तेव्हा सुदेकने कॅमेरा आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळवला. काचेवर साचलेलं दव, त्यातून ओघळलेली एखादी रेघ, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड. युद्ध संपलं तरी त्याने ती खिडकी सोडली नाही, वर्षानुवर्षं तिचेच फोटो काढले. पुढे १९५९ साली 'प्राहा पानोरामाटिट्स्का' हे त्याचं पुस्तक निघालं. जुन्या कोडॅक कॅमेऱ्याने टिपलेली प्रागची २८४ लांबट चित्रं त्यात आहेत. प्रसिद्ध चौक आहेतच, शिवाय गोदामं आहेत, कारखान्यांच्या चिमण्या आहेत, शहराच्या वेशीवरचे चिखलाचे रस्तेही आहेत. पर्यटक ज्याकडे पाठ करतो, त्या प्रागवरही त्याने तितकीच माया केली.

याच शहराच्या आणखी एका छायाचित्रकाराचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. योसेफ कौडेल्का. शिक्षणाने इंजिनिअर. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे देशात घुसले, तेव्हा तो कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरला. त्याचा एक फोटो जगभर गाजला. समोर एक आडवा धरलेला हात, मनगटावर घड्याळ, आणि मागे एरवी माणसांनी फुललेला वात्स्लाव चौक, पार ओस पडलेला. निगेटिव्ह लपूनछपून देशाबाहेर गेल्या. वर्षभराने फोटो छापून आले ते निनावी, 'पी. पी.' म्हणजे प्रागचा छायाचित्रकार एवढ्याच खुणेने. १९७० साली कौडेल्का देश सोडून गेला. घरच्यांवर संकट येऊ नये म्हणून १९८४ पर्यंत, म्हणजे वडील जाईपर्यंत, त्याने ते फोटो आपले आहेत हे जाहीर केलं नाही. वात्स्लाव चौकात आता दुकानं, कॅफे आणि फिरायला आलेली माणसं असतात. तो फोटो माहीत असेल तर तिथे उभं राहिल्यावर त्या चकचकाटाच्या आत दुसरा, रिकामा चौक दिसू लागतो. एका शहराची आठवण परक्या माणसाच्याही मनात रुजवण्याची ही ताकद फोटोत आहे. म्हणूनच कॅमेरा घरी ठेवा असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

तेव्हा प्रागला जाणार असाल तर कॅमेरा जरूर न्या, आणि एक सकाळ पुलाला दिलीत तर एक दुपार ऊयेज्द रस्त्यासाठी राखून ठेवा. २२ नंबरची ट्राम तिथे थांबते. एका इमारतीच्या दारातून मागच्या अंगणात गेलात की सुदेकचा लाकडी स्टुडिओ लागतो. मूळचा ऐंशीच्या दशकात जळाला, आजचा आहे तो २००० साली पुन्हा तसाच उभारलेला. आत छायाचित्रांची छोटी प्रदर्शनं भरतात. प्रदर्शन बघून झालं की लगेच निघू नका. खिडकीशी उभे राहा, पाऊस असेल तर उत्तमच, आणि पहिला फोटो मनासारखा आला तरी कॅमेरा पिशवीत ठेवू नका.